लागू नाही

'कृपया उत्तराचा प्रकार निवडा.' सकाळपासून हे वाक्य लाल अक्षरांत सोळा वेळा येऊन गेलं होतं आणि सोळाही वेळा मी निमूटपणे काहीतरी निवडून पुढं गेले होते. सतराव्या प्रश्नाला ते पुन्हा उगवलं तेव्हा मात्र त्या लॅपटॉपच्या कानाखाली एक वाजवावी असं वाटलं. अरे बाबा, थांब की जरा. प्रश्न तरी नीट वाचू दे. पण नाही. प्रश्न काय आहे याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नाही, त्याला आधी सांगायचं की समोरच्या माणसाला काय काय बोलायची मुभा आहे. पट्टी खाली ओढली की यादी उघडते: होय-नाही, होय-नाही-लागू नाही, चांगलं-बरं-वाईट, एक ते पाच, आकडा, तारीख, फोटो, सही, मोकळा मजकूर. त्यातलं एक उचलायचं आणि पुढं चालायचं. माझं पित्त खवळलं होतं. डबा तसाच पडला होता. भिंतीपलीकडे प्रेसचे ठोके चालू होते, धप्प, धप्प, आणि प्रत्येक ठोक्याला टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत होतं.

सतरावा प्रश्न असा होता: प्रेसचं गार्ड घट्ट बसवलेलं आहे का? हा प्रश्न मीच लिहिलेला. तीन वर्षांपूर्वी, याच खोलीत, याच मोडक्या चाकाच्या खुर्चीवर बसून. उत्तराचा प्रकारही मीच निवडला होता, होय-नाही-लागू नाही, आणि निवडताना अर्धा सेकंदसुद्धा विचार केला नव्हता. आमची फॅक्टरी दौंडहून शिरूरकडे निघालं की रस्त्यालाच लागते. पत्रा दाबून आम्ही ट्रॅक्टरचे सुटे भाग करतो. पत्रा दाबणाऱ्या आठ जुन्या मशिनी आहेत, त्यांना सगळे प्रेस म्हणतात, आणि प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी जाळीचं एक दार असतं, ते गार्ड. दार असलं की हात आत जात नाही. इतकी साधी गोष्ट. चार नंबरच्या प्रेसचं गार्ड बिजागरी तुटली म्हणून मेंटेनन्सवाल्यांनी काढून नेलं आणि अकरा दिवस ते परत आलं नाही. प्रेस चालूच. त्या अकराही दिवशी चेकलिस्टमध्ये सतराव्या प्रश्नापुढं 'लागू नाही' असं उत्तर गेलं. बाराव्या दिवशी पूनमची दोन बोटं गेली.

उत्तर भरणारे साहेबराव. लाइन इन्स्पेक्टर, वडगाव रासाईचे, बावीस वर्षं इथं नोकरीला. आज पाच वाजता हेड ऑफिसला दोन गोष्टी जायच्या होत्या. एक, मी सुधारलेली चेकलिस्ट. दुसरी, साहेबरावांचा खुलासा, त्यांच्या सहीसकट. खुलासा त्यांनी लिहिलेला नव्हता, आमचे प्लांट हेड विनोद सर यांनी टाइप करून घेतला होता: 'मी सलग अकरा दिवस खोटी नोंद केली.' त्यावर सही झाली की साहेबराव घरी, कायमचे. आणि ती नोंद खोटी नव्हती हे सगळ्या फॅक्टरीत दोनच माणसांना ठाऊक होतं. एक साहेबराव, आणि दुसरी मी, हर्षदा, सेफ्टी ऑफिसर. कारण पहिल्याच दिवशी त्यांनी मला फोन केला होता.

तो फोन मी एवढ्या दिवसांत इतक्यांदा मनात ऐकलाय की आता त्यातला खरा आवाज कुठला आणि मी घातलेला कुठला हेच कळेनासं झालंय. मी कस्टमरच्या पाहुण्यांबरोबर कँटीनबाहेरच्या फळ्यासमोर उभी होते. 'आजचा सुरक्षा गुणांक: १००%.' पाहुणे मान डोलवत होते. मी साडीची नीट केलेली पिन पुन्हा नीट करत होते. फोन वाजला आणि साहेबराव म्हणाले, "मॅडम, चारला गार्डच न्हाई. नेलंय काढून. आन् ह्यो टॅब इचारतोय घट्ट हाय का. काय दाबू?" मी आवाज खाली करून म्हटलं, "नाही दाबू नका आत्ता, पाहुणे आहेत. लागू नाही टाका, मग बघू." बस. एवढंच. पाहुणे गेले, चहा झाला, दुपारी दुसरीच कटकट निघाली, आणि 'मग बघू' हे कधी बघितलंच गेलं नाही. साहेबराव सांगितलं ते ऐकणारे. मॅडमनी लागू नाही म्हटलं म्हणजे लागू नाही. पुढं रोज तेच.

आणि 'नाही' दाबायची एवढी भीती का? तीसुद्धा माझीच देणगी. चेकलिस्ट बनवताना पुण्याहून आलेला तो सॉफ्टवेअरचा माणूस म्हणाला होता, नकारार्थी उत्तराला फॉलोअप लावा मॅडम, अकाउंटॅबिलिटी येते. लावला मी. 'नाही' दाबलं की फोटो काढा, कारण लिहा, जबाबदार माणसाचं नाव निवडा, तारीख द्या, आणि मग विनोद सरांपासून सिक्युरिटीपर्यंत सगळ्यांना मेसेज. पाच पडदे. 'होय'ला एकही नाही. 'लागू नाही'लाही एकही नाही, वर गुण काढताना तो प्रश्न हिशोबातूनच बाद. म्हणजे आठ प्रेसपैकी आठांची गार्डं काढून भंगारात घातली असती तरी त्या फळ्यावर शंभरच आलं असतं. काय अक्कल चालवली होती मी! ज्या दिवशी पूनमला रिक्षात घालून दौंडला नेलं, त्या संध्याकाळी मी परत येऊन बघितलं तर फळ्यावर शंभर टक्केच लिहिलेलं होतं. मी तळहातानं पुसलं ते. खडूची पूड ब्लाउजच्या बाहीला लागली, ती घरी जाईपर्यंत मला दिसलीच नाही.

अडीचच्या सुमाराला विनोद सर आत आले. माणूस वाईट नाही, हेच तर डोक्याला ताप. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये बघत राहिले. "अजून सतरावरच?" म्हणाले. "मॅडम, प्रश्न तेच ठेवा, फक्त रिस्पॉन्स टाइप बदला. हेड ऑफिसला बदल दिसला पाहिजे. मला वाटतं एक ते पाच करून टाका. स्मूथ वाटतं."

"गार्ड एक ते पाच?" मी म्हटलं. "सर, गार्ड तीन म्हणजे काय? तीन बोटं शिल्लक?"

त्यांचा चेहरा उतरला. मलाही बोलल्याबोलल्या कसंतरी झालं, पण शब्द मागं घेतले नाहीत. "तुम्ही फार मनाला लावून घेता," ते म्हणाले. "बरं, एक ते पाच नको. पण लागू नाही काढू नका हां. ते काढलं तर सगळ्या शॉपचा स्कोर धाडकन् खाली येईल आणि मग मला रोज उत्तरं द्यावी लागतील. आणि साहेबरावांची सही पाचच्या आत घ्या. तुमच्यासमोरच करतील ते, तुमचं ऐकतात."

"त्यांनी खोटं लिहिलं असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटतं ते जाऊ द्या. गार्ड नव्हतं आणि त्यांनी नाही लिहिलं नाही. मग आणखी काय असतं खोटं? त्यांची दोन वर्षं राहिलीत. घरी ऊस आहे, मुलगा मार्गी लागलाय. त्यांचं अडणार नाही काही. दुसऱ्या कुणाचं नाव आलं तर तो माणूस आयुष्यातून उठेल." ते असं म्हणाले आणि माझ्याकडं न बघता ग्लासातलं पाणी पिऊन गेले. माझं पाणी. त्यांना फोनचं माहीत होतं की नव्हतं, हे मला अजूनही कळलेलं नाही.

दार लागलं आणि मी परत त्या पट्टीशी येऊन बसले. होय-नाही. आमच्या घरात असली उत्तरं कधी चाललीच नाहीत. आई होती तेव्हा 'जेवलीस का' असं विचारायची आणि मी 'हो' म्हटलं की ताटात पुन्हा भाकरी टाकायची, कारण तिला माझ्या 'हो'वर नाही, तोंडावर भरवसा होता. आणि बाहेरच्या जगात बघावं तर प्रश्न एक आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचं. शिरूरला माझी पहिली नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत फिरत होते. बाहेर पाटी, खोली भाड्यानं देणे आहे. बाई गोड बोलल्या, पाणी दिलं, मांडवगण फराट्याचे म्हटल्यावर ओळखीही निघाल्या, आणि मग हळूच, "आडनावावरनं कळेना, तुम्ही कोणापैकी?" मी म्हटलं, बौद्ध. त्या म्हणाल्या, "खोली रिकामी नाही हो आता." मी निघताना पाटी तिथंच होती. मी तेवीस वर्षांची होते, संताप संताप झाला होता, आणि त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपण जिथं काम करू तिथं प्रश्न सरळ असतील आणि उत्तर ज्याचं त्याला मोकळेपणानं देता येईल. मोठी आली ठरवणारी. तीन वर्षांपूर्वी संधी मिळाली तर चौसष्ट प्रश्नांना मी काय दिलं? तीन बटणं.

पप्पांना हे सगळं मी परवा जेवताना सांगितलं. फोनचं सोडून. पप्पा रेल्वेत की-मॅन होते, दौंडला. खांद्यावर हातोडा टाकून रोज सहा किलोमीटर रूळ चालत तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्यात का बघायचं. त्यांना कसली यादी नाही, कसलं बटण नाही. घरी आले की आई विचारायची आज काय सापडलं, आणि ते चप्पल काढता काढता सांगायचे, "तीन ढिल्या. एक गायब." परवा त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, कढीचा भुरका मारला आणि म्हणाले, "ढिली चावी ठोकून पुढं जायचं, पोरी. गायब असली तर पुढं जायचंच न्हाई. तिथं दुसरी बसल्याबिगर पाय उचलायचा न्हाई. ढिलीपेक्षा गायब वाईट, हे काय शिकवावं लागतं व्हय कुणाला?" मी चिडले त्यांच्यावर. म्हटलं, "पप्पा, तुमच्या रुळाला चौसष्ट प्रश्न नव्हते आणि पुण्याहून कुणी गुण काढत नव्हतं." त्यांनी मग स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. मी रागावले की ते असंच करतात, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

मी प्रश्न पुन्हा वाचला. प्रेसचं गार्ड घट्ट बसवलेलं आहे का? पुढचा वाचला: अग्निशामक नळकांड्याची मुदत शिल्लक आहे का? त्याच्या पुढचा: प्रथमोपचार पेटी स्वच्छ आहे का? हातमोजे फाटलेले नाहीत ना? मी भराभर खाली जात राहिले. चौसष्टच्या चौसष्ट प्रश्न मी असे लिहिले होते की वस्तू तिथं आहेच. ती घट्ट आहे का, स्वच्छ आहे का, मुदतीत आहे का एवढंच विचारायचं. वस्तू नसेलच तर काय, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. ज्याच्या हातात हातमोजेच नाहीत तो 'फाटलेले नाहीत' याला काय सांगणार? लागू नाही. मग साहेबरावांनी चुकीचं काय लिहिलं? माझ्या प्रश्नाला तेच एक खरं उत्तर होतं. मी कपाळावर हात मारून घेतला, अगदी खरोखरचा, आवाज आला त्याचा.

पूनमला मी तीनदा भेटून आले. पाटसची, नवरा हंगामात साखर कारखान्यावर असतो, एक पोरगी पहिलीत. दुसऱ्या खेपेला मी बसलेली असतानाच नर्स आली. तिच्या हातात एक पुठ्ठा होता, त्यावर हसऱ्यापासून रडक्यापर्यंत ओळीनं चेहरे आणि खाली शून्य ते दहा. "किती दुखतंय सांगा," नर्स म्हणाली. पूनमनं त्या चेहऱ्यांकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "कुठल्या बोटांचं इचारता ताई? हायत त्यांचं का न्हाईत त्यांचं?" नर्स म्हणाली, दुखतात त्यांचं सांगा. "न्हाईत तीच दुखत्यात ओ. हायत ती गप हायत." नर्सनं हसून पाच लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेली. मला त्या नर्सचा इतका राग आला की तो पुठ्ठा हिसकावून घ्यावा. पाच काय पाच? कुणी सांगितलं पाच? मग पूनम माझ्याकडं वळली आणि अगदी साधेपणानं, काही मनात न ठेवता म्हणाली, "मॅडम, तुम्ही रोज तपासून घेता ना ओ सगळं?" मी म्हटलं, "हो." मला एवढंच उत्तर निवडता आलं. जिना उतरले, आणि खाली रसवंतीवाल्यानं "मॅडम, रस?" विचारलं तर मी त्याच्यावरच खेकसले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा नाही, तर त्याच्या दुसऱ्या दिवशी. पण दर दिवशी सकाळी मी घरून ठरवून निघायचे आणि गेटवर कार्ड टेकवलं की ते ठरवणं कुठं जायचं कोण जाणे. भीती होती, दुसरं काय. खोटं कशाला बोलू. नाव आलं की नोकरी गेली, आणि जिच्या फोनमुळं बोटं गेली त्या सेफ्टी ऑफिसरला दुसरीकडं कोण उभं करतंय? सदतीस वर्षांची मी, लग्नाचा विषय आता नातेवाइकांनीही सोडलाय, घरी पप्पा. आणि भीतीच्या जोडीला एक घाणेरडी आशाही होती, की साहेबराव स्वतःच बोलतील. चौकशीत उभे राहतील, म्हणतील, मॅडमनी सांगितलं होतं. मग मी 'हो' म्हणायचं, झालं. म्हणजे तिथंसुद्धा मला प्रश्न दुसऱ्यानं विचारायला हवा होता. पण तो माणूस बोलतच नव्हता. दोन चौकश्या झाल्या. दोन्हीत हात मागं बांधून उभे, "व्हय, मीच भरलं," एवढंच. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटायचं.

साडेतीनला दारावर टकटक झाली आणि साहेबरावच आत आले. टोपी हातात, आणि दुसऱ्या हातात तो टाइप केलेला कागद, घामानं कडेला ओला झालेला. बसा म्हटलं तर बसले नाहीत. बावीस वर्षांत मी काय, कुणीच त्यांना कामाच्या वेळात बसलेलं बघितलेलं नाही.

"सायबांनी दिलाय," ते म्हणाले. "वाचून घेतला मी लायनीवरल्या नवनाथकडनं, बारीक अक्षर दिसत न्हाई. खोटी नोंद म्हनून लिवलंय."

"हो."

"तेवढं एक बदलता यील का, मॅडम? चुकीची म्हना. गलथानपणा म्हना, काय बी म्हना. नोकरी जाऊ दे, दोन वर्सांनी जायाचीच हाय. पर खोटी नगं. आमच्या म्हाताऱ्यानं मेंढरं हाकली जन्मभर, दुसऱ्याचं कोकरू कळपात आलं तर सांच्याला पोचवून यायचा. त्याच्या नातवानं वाचलं हे, तर काय म्हनंल?"

माझा आवाजच चढला. "साहेबराव, तुम्ही सांगत का नाही? दोनदा बोलावलं तुम्हाला. मी फोनवर सांगितलं होतं म्हणून का नाही सांगत?"

त्यांनी दाराकडं बघितलं, दार लोटलं, आणि मग माझ्यापेक्षा हळू आवाजात म्हणाले, "फोनचं मी कुनालाच बोललो न्हाई. मंडळीलासुदीक न्हाई. तुमच्या घरी म्हातारं मानूस हाय. आन् तुमची अजून कितीतरी वर्सं पुढं हायती. मी काय, निघालोच हाय."

देवा रे, असं कुणी करतं का! तो माणूस मला वाचवत होता, आणि मी महिनाभर त्याच्या वाचवण्यावर जगत होते. मला रडू फुटत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, त्यांचा, माझा, त्या कागदाचा. मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला. काय करणार होते कुणास ठाऊक. फाडला असता, की 'खोटी'वर पांढरा रंग मारून 'चुकीची' लिहिलं असतं आणि स्वतःची समजूत घातली असती की साहेबरावांचंच मागणं होतं ते? रंगच मारला असता मी, आज खरं सांगते. पेन उचललंसुद्धा होतं.

"आनि एक इचारायचं होतं," साहेबराव म्हणाले. "आजचं अजून भरलं न्हाई मी. सतरावा तसाच ठेवलाय. तुमाला इचारल्याबिगर भरायचा न्हाई म्हटलं."

"चारचा? चार तर चालू झाला ना, गार्ड लावून?"

"चारला लावलं की. सकाळीच लावलं, उद्या तपासनीवाले यायचेत म्हनून. पर ते चारचं न्हाई. चारचं अजून वेल्डिंगलाच पडलंय. सहाचं काढून चारला बसवलंय. मंग सहाचं काय लिवू?"

पेन माझ्या हातातच राहिलं. भिंतीपलीकडे ठोके चालू होते. "सहा बंद आहे ना?" मी विचारलं.

"न्हाई. सीमा हाय त्येच्यावर. मेंटेनन्सला बोललो मी, म्हनले उद्या करतो. बंद करायचा अधिकार मला न्हाई, म्हनून तुमच्याकडं आलो."

तोच प्रश्न. तोच माणूस, तीच अदब, आणि माझ्या तोंडात 'मग बघू' तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर, ही माझी लायकी. मी उठले. खुर्चीचं मोडकं चाक अडकून ती आडवी पडली, पडू दिली. दार, जिना, पिवळ्या पट्ट्यांची वाट. मी या वाटेवर धावणाऱ्यांना सतरा वेळा मेमो दिलेत आणि त्याच वाटेवरून साडी गुडघ्याला धरून मी धावत होते. सरकत्या पट्ट्याशी बसलेली माणसं वळून बघत होती. सहा नंबरसमोर सीमा उभी होती, कानात बोळे घातलेली, डाव्या हातानं पत्रा सरकवायची, उजव्या हातानं तयार तुकडा ओढायची, आणि मध्ये काही नव्हतं. धप्प. सरकव. ओढ. धप्प. तिचं लक्ष तुकड्यावर होतं, माझ्याकडं नव्हतं. मी तिला हाक मारली नाही, दचकली असती. बाजूनं जाऊन लाल बटणावर पूर्ण तळवा मारला.

प्रेस वरच्या वर थांबला. सीमानं बोळे काढले आणि घाबरून म्हणाली, "काय चुकलं का मॅडम?" मी नकारार्थी मान हलवली. मला दम लागला होता, बोलता येत नव्हतं. मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले होते हे मला नंतर कळलं, ती सोडवून घ्यायला लागली तेव्हा. मग एकेक करून शेजारचे प्रेसही थांबत गेले, आणि शॉपमध्ये कधी नसते तशी शांतता झाली. विनोद सर वरून उतरून येताना त्यांच्या बुटांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"कुणी बंद केलं? कुणाला विचारून?"

"मी," मी म्हटलं. "गार्ड नाही याला."

"अहो, उद्या लागणार आहे ते. मॅडम, वर चला, केबिनमध्ये बोलू आपण."

"इथंच बोलू या, सर." माझा आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हता. "चारला गार्ड नव्हतं तेव्हा साहेबरावांनी मला पहिल्याच दिवशी फोन केला होता. गार्डच नाही, काय दाबू असं विचारलं होतं. पाहुणे होते म्हणून मी सांगितलं, लागू नाही टाका. मी सांगितलं. त्यांनी माझं ऐकलं. तेच मी आता हेड ऑफिसला लिहून पाठवते, माझ्या सहीनं. आणि सहा नंबर गार्ड बसल्याशिवाय सुरू होणार नाही."

विनोद सरांनी सगळीकडं बघितलं. आजूबाजूला साठ-सत्तर माणसं होती. "मॅडम, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?" ते म्हणाले. मी म्हटलं, कळतोय. त्यांनी फोन काढून मेंटेनन्सला लावला आणि त्यांच्यावर ओरडत बाहेर निघून गेले.

साहेबराव माझ्यामागून कधी आले होते मला कळलं नव्हतं. तो कागद अजून माझ्या मुठीत चुरगाळलेला होता. त्यांनी त्याच्याकडं बघितलं.

"मंग आता सही नगं?"

"नको."

त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढली. शेजारी पत्र्याच्या तुकड्यांची उपडी घातलेली पेटी होती, तिच्यावर ते हळूच बसले, सगळ्यांच्या देखत, कामाच्या वेळात. टोपी तोंडावर धरली. खांदे हलत होते. मी त्यांच्याजवळ खाली, तेलकट फरशीवरच टेकले.

"मी खोटं लिवलं न्हवतं, मॅडम," टोपीआडून ते म्हणाले.

"नव्हतं लिहिलं, साहेबराव," मी म्हटलं. "नव्हतं लिहिलं तुम्ही."